पंधरा वर्षांचा रहिवास आणि महाविद्यालयाची फी

ज्या महाविद्यालयांचा खर्च राज्याच्या खजिन्यातून चालतो, त्यांतील जागांवर आणि तेथील अल्प शुल्कावर पहिला हक्क त्या राज्यातील रहिवाशांचा असावा, हे तत्त्व सामान्यतः कोणी अमान्य करीत नाही. विवाद सुरू होतो तो रहिवासी कोणास म्हणावे, हे ठरविण्याची वेळ आली म्हणजे. जन्म कोठे झाला, शाळा कोठे झाली, बापाची जमीन कोणत्या गावच्या सातबाऱ्यावर आहे, घराण्याचे नाव कोणत्या मतदारयादीत आहे आणि मनुष्य अखेरीस परत कोठे जाणार आहे, ही पाच प्रमाणे बहुतेकांच्या बाबतीत एकाच गावाकडे बोट दाखवितात, आणि म्हणून बहुतेकांना हा प्रश्न कधी पडतही नाही. परंतु सांगली जिल्ह्यातील तासगाव आणि त्याच्या भोवतालचा मुलूख असा आहे की येथील सहस्रावधी कुटुंबांच्या बाबतीत ही प्रमाणे निरनिराळ्या दिशांना जातात. त्यामुळे अधिवासाच्या नियमांचा आढावा घ्यावयाचा तर तो तासगावात बसून घेणे अधिक फलदायी ठरेल, असे मला वाटते.

या मुलखाला सीमा नव्या नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धनांचे तासगाव इंग्रजी अमलात जाऊन सातारा जिल्ह्यात सामील झाले, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने शेजारीच स्वतंत्र राहिली. आटपाडी आणि कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींकडे, जत डफळ्यांकडे. तासगावहून निघालेला मनुष्य दिवसभराच्या वाटचालीत दोन-तीन राज्यांचे हद्दीचे दगड ओलांडीत असे. १९४९ साली ही संस्थाने व जुन्या साताऱ्याचे काही तालुके मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. दक्षिण सातारा जिल्हा झाला त्या काळी बेळगावही मुंबई राज्यातच होते, आणि तेथील लिंगराज महाविद्यालयात दाखल होणारा तासगावचा विद्यार्थी परप्रांतात गेला असे कोणी म्हणत नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि तोवर ज्या वाटेवर नाते, सोयरीक व व्यापार यांखेरीज काही नव्हते तिच्यावर राज्याची सीमा उभी राहिली.

त्याच सुमारास, म्हणजे २७ जानेवारी १९५५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या विषयातील पहिला मोठा निर्णय दिला. आणि तो जागेविषयी नसून नेमका फीविषयी होता. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याकडून मात्र नेहमीच्या शुल्काशिवाय दीड हजार रुपये घेतले जात, जी रक्कम त्या काळी लहानसहान नव्हती. दिल्लीहून आलेल्या जोशी नामक विद्यार्थ्याने हा भेद घटनाविरोधी असल्याची तक्रार केली. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, रहिवासाचा तेथे उल्लेख नाही, आणि जे राज्य महाविद्यालयावर खर्च करते त्याने पुढे आपल्याच प्रदेशात राहून सेवा करण्याचा संभव असणाऱ्यांना सवलत दिली तर ते वाजवी वर्गीकरण होय, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. पुढील सत्तर वर्षांत या विषयावर जे काही घडले ते सारे या एका निर्णयाच्या पायावर उभे आहे.

पाया एकदा घातला गेला की भिंती किती उंच न्यावयाच्या, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात आज कसोटी असलेली रहिवासाची पंधरा वर्षे ही मर्यादा मराठवाड्यातील वाचकांच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ ठरण्यास पंधरा वर्षांचा कायम रहिवास आणि परत न जाण्याचा इरादा यांचे प्रमाण द्यावे लागे, आणि त्यावरून १९५२ साली हैदराबादेत मोठे आंदोलन झाले. शिक्षणाच्या क्षेत्रात १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या: एक, भारताच्या नागरिकाचा कायद्याच्या अर्थाने अधिवास एकच, तो म्हणजे भारत, आणि राज्याराज्यांचे निराळे अधिवास अशी कल्पना घटनेत नाही, दोन, पदवीपूर्व वैद्यकीय प्रवेशात राज्यातील रहिवाशांना काही प्रमाणात अग्रहक्क देता येईल, परंतु सर्व जागा अडवून ठेवता येणार नाहीत. त्यातूनच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्तेसाठी राखण्याची पद्धत निघाली, आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याकडे राहिल्या. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात न्यायालयाने याच विचाराचे पुढचे पाऊल टाकून पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील रहिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. पदवीच्या प्रवेशाला हा निर्णय लागू नाही. तेथे ८५ टक्क्यांचे राज्य अबाधित आहे, आणि म्हणूनच रहिवासी कोण, हा प्रश्न बारावीच्या उंबरठ्यावर इतका जिव्हाळ्याचा होतो.

आता अधिवासाच्या दाखल्याकडे वळू. ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असे लांबलचक नाव असलेला हा कागद महसूल खाते देते. अर्ज सेतू केंद्रातून अथवा आपले सरकार संकेतस्थळावरून करावयाचा, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजबिल, तलाठ्याचा रहिवासी दाखला व स्वयंघोषणापत्र जोडावयाचे. (तलाठ्याचे पदनाम अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले तरी गावाच्या तोंडी तलाठीच आहे.) मुख्य कसोटी एकच: महाराष्ट्रात सलग पंधरा वर्षांचा रहिवास. ज्याची सारी शाळा तालुक्यात झाली त्याला हे सिद्ध करण्यास शाळेचा एक दाखला पुरतो. ज्याची झाली नाही त्याच्याकडून वर्षावर्षाचा पुरावा मागितला जातो, आणि नेमका तो कागद कोणत्या दफ्तरात आहे हे शोधण्यात प्रवेशाची मुदत टळून जाते. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठीही रहिवासाचा पुरावा लागल्याने तहसील कचेऱ्यांत जी गर्दी उसळली ती नेमकी प्रवेशाच्याच हंगामात. त्या वेळी शासनाने पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्रही चालेल, असा दिलासा महिलांना दिला. मासिक अनुदानासाठी जी उदारता तत्काळ सुचली, ती विद्यार्थ्यांच्या बाबतीतही सुचावी, इतके म्हणणे येथे पुरे.

या कागदावर केवळ जागाच अवलंबून असते असे नाही. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली आणि त्या एका निर्णयाने सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यांची एक अवघी पिढी महाविद्यालयात पोहोचली. त्याच परंपरेत आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षणशुल्क शासन भरते, आणि २०२४-२५ पासून मुलींचे संपूर्ण शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क भरते. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा आणि विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा. तेव्हा खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या बापाला शिक्षणशुल्काचा एक पैसा भरावा लागत नाही आणि दुसरीच्या बापाला द्राक्षबागेवर कर्ज काढावे लागते, हा भेद त्या एका दाखल्याने पडू शकतो. अमेरिकेत राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी दोन निराळी शुल्के उघडपणे छापलेली असतात. आपल्याकडे तसे दोन दर सहसा दिसत नाहीत, परंतु शिष्यवृत्तीच्या वाटेने भेद तोच होतो.

अभियांत्रिकीच्या प्रवेशनियमांत महाराष्ट्रातील उमेदवारांचे जे प्रकार पाडले आहेत ते मला एकंदरीत विचारपूर्वक केलेले वाटतात. दहावी व बारावी महाराष्ट्रात झालेला आणि येथे जन्मलेला किंवा अधिवासी असलेला उमेदवार पहिल्या प्रकारात. पहिल्या प्रकारात न बसला तरी जो स्वतः अथवा ज्याची आई वा बाप महाराष्ट्राचे अधिवासी आहेत तो दुसऱ्या. केंद्र सरकारच्या महाराष्ट्रात नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्यांची मुले तिसऱ्या. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांची चौथ्या. आणि सीमाभागातील मराठी मातृभाषेचे विद्यार्थी पाचव्या. यातील दुसरा प्रकार या साऱ्या लेखाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे, कारण तेथे मुलाची शाळा कोठे झाली यापेक्षा घराचे मूळ कोठे आहे याला मान आहे.

येथे पालकांनी एक व्यावहारिक बाब लक्षात घ्यावी. अभियांत्रिकीच्या जागांत स्वविद्यापीठ क्षेत्रातील व बाहेरील असे ७० आणि ३० टक्क्यांचे जे विभाजन चालत आले आहे त्यात क्षेत्र ठरते ते बारावी कोठे उत्तीर्ण झाला त्यावरून. कोल्हापूर, सांगली, सातारा हे शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र. पण तासगावचा जो मुलगा दोन वर्षे लातूरला राहून तेथून बारावी होतो तो या हिशेबात आपल्याच जिल्ह्यात बाहेरचा ठरतो. (वैद्यकीय प्रवेशात असेच विभागवार ७०:३० सूत्र होते, ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले.) आणि जो मुलगा कोट्यास जाऊन राजस्थानातूनच बारावीची परीक्षा देतो, त्याचा तर वैद्यकीय प्रवेशातील राज्याचा हक्कच धोक्यात येतो. शिकवणीचे शहर निवडताना परीक्षेचे केंद्र कोठे राहील, हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात.

वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजा अभियांत्रिकीच्या मानाने पुष्कळ अरुंद आहे. तेथे अधिवासाचा दाखला असून भागत नाही. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. अपवाद आहेत ते केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी आणि सैन्यदलातील लोक यांच्या बदलीच्या निमित्ताने, आणि सीमाभागाच्या निमित्ताने. या नियमाचा आघात तासगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांवर कसा होतो हे समजण्यासाठी येथील गलाई व्यवसायाची ओळख हवी.

पाऊस नेमका ज्या पट्ट्याला चकवितो त्या या पट्ट्यातील माणसे कित्येक पिढ्यांपूर्वी सोन्याचांदीची आटणी व शुद्धीकरण यांचे कसब घेऊन बाहेर पडली. आज तामिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, उत्तर प्रदेश, दिल्ली, जेथे म्हणून सराफ बाजार आहे तेथे एखाद्या बोळात गलाईचे दुकान असते आणि तेथील भट्टीपुढे बसलेला मनुष्य विट्याकडचा किंवा तासगावकडचा असतो. या माणसांचे गावाशी असलेले नाते ज्याने पाहिले आहे तो त्यांना स्थलांतरित म्हणण्यास कचरेल. गावच्या यात्रेस ती दरवर्षी येतात, शाळेच्या खोल्या आणि देवळांचे कळस यांस वर्गणी पाठवितात, मिळकतीतून येथेच विहीर, बाग आणि माडी करतात, लग्ने येथेच जुळवितात, आणि हात थकले की दुकान भावाच्या किंवा मुलाच्या स्वाधीन करून येथेच परत येतात. विधिशास्त्रात अधिवासाचे दोन घटक सांगितले आहेत, प्रत्यक्ष वास आणि परतण्याचा अथवा कायम राहण्याचा संकल्प. यांतील दुसरा घटक गलाई बांधवांइतका अखंड क्वचितच कोठे आढळेल. परंतु संकल्पाचा दाखला सेतूत मिळत नाही.

त्यांची मुले मात्र कोईमतूरच्या किंवा त्रिशूरच्या शाळेत शिकतात. बापाबरोबर राहणारे मूल तेथेच दहावी होणार, यात गैर काही नाही. उलट कुटुंब एकत्र राहिले, ही चांगलीच गोष्ट. पण त्या मुलीला डॉक्टर व्हावेसे वाटले, तिने प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळविले, आणि तिला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जे तिच्या आजोबांच्या वस्तीपासून तासाभराच्या अंतरावर आहे, शिकावयाचे असले तर तिला महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत स्थान नाही. १५ टक्क्यांच्या अखिल भारतीय यादीत ती आसाम आणि पंजाबच्या मुलांबरोबर उभी राहते. तिकडच्या राज्यात जावे तर तेथील नियमही मूळ निवास आणि शालेय वर्षे यांभोवती गुंफलेले, आणि कुटुंब मागास प्रवर्गातील असेल तर आणखी एक अडचण: एका राज्यातील जातीचा लाभ दुसऱ्या राज्यात मिळत नाही, हे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून झालेल्या १९९० च्या खटल्यात घटनापीठाने ठरवून टाकले आहे. उरतात सांगलीच्या भारती विद्यापीठासारख्या अभिमत विद्यापीठांची महाविद्यालये, जेथे अधिवास विचारला जात नाही, पण तेथील शुल्क भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाच्या आवाक्यातले नसते.

शासकीय नोकर बदलीवर जातो तो आज्ञेने, आणि कारागीर जातो तो स्वेच्छेने, असा युक्तिवाद या नियमाच्या समर्थनार्थ केला जातो. मला तो पटत नाही. ज्या शिवारात खरिपाचा भरवसा नाही तेथून घर सोडणे ही इच्छा म्हणावी की निरुपाय म्हणावा, याचा निर्णय कचेरीत बसून करता येणार नाही. आणि राज्याच्या हिताच्याच दृष्टीने पाहिले तरी इंदूरच्या खटल्यात सवलतीचे जे समर्थन न्यायालयाने मानले ते असे की रहिवासी विद्यार्थी शिकून पुढे त्याच प्रदेशाची सेवा करील. ज्याचे घर, जमीन आणि भाऊबंद तासगावात आहेत त्याच्याविषयी ही अपेक्षा करावी, की दहावी व बारावीची परीक्षा योगायोगाने पुण्यात देऊन गेलेल्याविषयी?

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. सीमा सुरक्षा दलातील एका महाराष्ट्रीय जवानाच्या मुलाचे शालान्त शिक्षण बापाच्या नेमणुकीमुळे परराज्यात झाले, आणि त्या कारणाने त्याला राज्याच्या कोट्यातून वगळण्यात आले. न्यायालयाने ते अन्यायाचे ठरवून त्याला पुढील वर्षी जागा आणि एक लाख रुपये भरपाई देवविली. निर्णय जवानाच्या मुलापुरता आहे, आणि गलाई कारागिराला त्याचा आधार सरळ घेता येणार नाही; पण बापाच्या पोटापाण्याच्या वाटेने मूल बाहेर शिकले म्हणून त्याचे मूळ पुसले जात नाही, हा जो त्यामागील विचार, तो केवळ गणवेशापुरता मर्यादित ठेवण्यास मला तरी कारण दिसत नाही.

दूरच्या एका निर्णयाची येथे आठवण होते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याचा असा नियम होता की अर्ज करतेवेळी ज्या विद्यार्थ्याचा पत्ता राज्याबाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच समजला जाईल आणि जादा शुल्क देईल. १९७३ साली व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. राज्याने आपल्या रहिवाशांकडून कमी शुल्क घ्यावे, यास न्यायालयाची हरकत नव्हती. हरकत होती ती विद्यार्थ्याला आपण रहिवासी आहोत हे सिद्ध करण्याची संधीच नाकारण्यास. त्या देशातील बहुतेक राज्ये आज साधारणतः वर्षभराचा रहिवास आणि राहण्याचा खरा इरादा पाहतात, आणि आश्रित व्हिसावर वाढलेल्या कित्येक मराठी मुलांनाही अनेक राज्यांत त्याचा लाभ मिळतो. एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपून विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला की मात्र तीच मुले पुष्कळदा परकी ठरतात. आपला वैद्यकीय नियम कनेक्टिकटच्या त्या जुन्या नियमाच्या जातीचा आहे. दहावी बाहेर झाली की पुढचा पुरावा ऐकूनच घ्यावयाचा नाही.

सीमाभागाच्या बाबतीत मात्र दोन्ही राज्यांनी भूगोलापलीकडे पाहण्याची तयारी दाखविली आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो तेथील मराठी विद्यार्थ्याला, त्याची शाळा कर्नाटकात होऊनही, आपण आपला मानतो. कर्नाटकानेही दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज येथे राहून शिकलेल्या कन्नड भाषकांना आपल्या व्यावसायिक प्रवेशांत गडिनाडू कन्नडिग म्हणून स्थान दिले आहे. म्हणजे सांगली जिल्ह्यातीलच जतच्या कन्नड मुलाला दोन राज्यांची दारे उघडी, आणि त्याच जिल्ह्यातील तासगावच्या गलाई कुटुंबातील मराठी मुलीला वैद्यकीय शिक्षणापुरते एकही नाही. जतच्या मुलाला जे मिळते ते योग्यच आहे. ते कमी व्हावे असे मी म्हणत नाही.

उलट दिशेने आलेल्यांचाही विचार याच न्यायाने व्हावा. तासगावच्या बेदाणा शेडवर आणि द्राक्षबागांत आता परप्रांतीय मजूर पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठीतून शिकत आहेत. जे मूल येथे जन्मले आणि येथेच दहावी-बारावी झाले त्याला अभियांत्रिकीत जन्माच्या आधारे पहिल्या प्रकारात स्थान आहे. पण जे चौथ्या-पाचव्या वर्षी आईच्या कडेवर आले त्याला बारावीच्या वेळी पंधरा वर्षे भरत नाहीत. जम्मू-काश्मीरने २०२० मध्ये नियम केले तेव्हा पंधरा वर्षांच्या रहिवासाला पर्याय म्हणून सात वर्षांचे तेथील शिक्षण आणि दहावी वा बारावीची तेथील परीक्षा हेही प्रमाण मानले. असा पर्याय महाराष्ट्रानेही स्वीकारण्यास हरकत नसावी.

म्हणून माझे मत असे की वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत अभियांत्रिकीचा दुसरा प्रकार जसाच्या तसा आणावा, निदान ज्या पालकांचा अधिवास, जमीन आणि मतदार नोंद अखंडपणे महाराष्ट्रात आहे त्यांच्या मुलांसाठी तरी. अशा मुलांमुळे येथेच शिकलेल्यांची संधी कमी होईल, ही भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. जागा मर्यादित आहेत आणि येथेच शिकलेल्यांच्या पालकांचा आक्षेपही मला समजतो. पण संख्येची मर्यादा घालून हा प्रश्न सुटतो. सीमाभागासाठी निराळ्या जागा ठेवण्याची रीत आपल्याकडे रूढच आहे. नियम बदलेपर्यंत गलाई कुटुंबांनी मुलांच्या नवव्या इयत्तेपूर्वी निर्णय घ्यावा: वैद्यकीयचा विचार असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही येथे व्हाव्यात, आणि अभियांत्रिकीचा असेल तर बापाच्या अथवा आईच्या नावे अधिवासाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये लागू झाला आहे, आणि दाखला ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास अपिलाची तरतूद त्यात आहे, ती वापरावी. आणि विटा-तासगावच्या लोकप्रतिनिधींनी, ज्यांच्या निवडणुकीस ही माणसे शेकडो कोसांवरून येऊन मतदान करतात, हा प्रश्न विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात मांडावा.